धुरकट फोटोंचं निरूपण

आमच्या ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि हे त्याला कला म्हणत होते. माझं गेलं अख्खं वर्ष एवढ्या एका वाक्यात सांगून होतं. पण एका वाक्यात गप्प बसेन तर मी कसली?

हे धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला होते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, असं करून करून माणूस रिटायर झाला की दिवस केवढा लांबलचक असतो ते त्याला पहिल्यांदा कळतं. पहिले दोन महिने ह्यांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले. त्यातले दोन आधी चांगले होते. मग हे माझ्या मागे स्वयंपाकघरात उभे राहून फोडणीबद्दल सूचना द्यायला लागले, तेव्हा मीच म्हटलं, अहो, रोह्यात एवढं वाचनालय आहे, तिथे जाऊन बसा, पंखा तरी फुकट आहे. माझ्याच जिभेला हाड नाही, दुसरं काय!

तिथून ह्यांनी आणलं ते एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. वरचा पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली, त्यामुळे त्याचं नाव काय आणि लिहिणारा कोण, हे आम्हाला आजतागायत माहीत नाही. आत नुसते फोटो आणि थोडा मजकूर. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे, परदेशातले, काळे, करडे, तपकिरी. तळी, झाडं, दलदल, बर्फातले रस्ते. आणि सगळेच्या सगळे धुरकट! मला वाटलं, पुस्तक पुरात भिजलेलं असणार.

"भिजलं नाय गो," हे म्हणाले. "मुद्दाम केलंय."

सुरुवातीला ह्यांना भिंगाने वाचता यायचं. ओटीवर ऊन आलं की हे पुस्तक, भिंग आणि डिक्शनरी घेऊन बसायचे आणि मला आतपर्यंत ओरडून सांगायचे. कॅमेरा नवीन होता तेव्हा लोक म्हणायचे म्हणे, हे तर यंत्र, खटका दाबला की झालं, ह्यात कला कसली? त्यावर काही फोटोवाले पेटले. त्यांनी ठरवलं की फोटो चित्रासारखा करायचा. मऊ दिसेल असं भिंग लावायचं, पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला कॅमेरा घेऊन जायचं, कागदाला डिंकात कालवलेला रंग फासून त्यावर फोटो छापायचा आणि नको तो भाग ब्रशने पुसून टाकायचा. झाड झाडासारखं दिसता कामा नये, झाड बघून घरी आल्यावर मनात जे उरतं तसं दिसलं पाहिजे.

"डिंक असा वाया घालवायचे?" मी म्हटलं. "लाडू तरी केले असते."

"गाढवाला गुळाची चव काय," हे म्हणाले. "अशा फोटोत काय दिसतं ते विचारायचं नाय. काय वाटतं ते विचारायचं. भाव आणि अर्थ."

ऐन दिवाळीत ह्यांनी चहात साखरेऐवजी पांढरी रांगोळी घातली आणि तो चहा प्यायलेही. आज चहाला वेगळीच चव आहे म्हणाले. तेव्हा मी ह्यांना धरून पेणला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं ठरवलं. सकाळची गाडी पकडली. निडीला गाडी थांबली तेव्हा शेतांवर धुकं होतं. हे खिडकीच्या गजांना नाक लावून मोठ्याने म्हणाले, "आहाहा, काय भाव आहे!"

समोर मेथीची पाटी घेऊन बसलेली बाई म्हणाली, "वीसला जुडी."

"तसा भाव नाय ओ. मनातला भाव."

"मनातला सांगा की, पटला तर देईन."

नागोठणं येईपर्यंत आमच्या मांडीवर चार जुड्या मेथी आली होती. डोळ्यांच्या दवाखान्यात मी ती मेथी घेऊन बसले.

डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण शांत. त्यांनी ह्यांना खुर्चीत बसवलं, समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पेटवला आणि विचारलं, "काका, समोर काय दिसतंय?"

हे म्हणाले, "दिसण्यावर जाऊ नका. एक प्रकारची हुरहूर आहे."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मेथीकडे पाहिलं. मग त्यांनी सगळं तपासून सांगितलं की मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे, चांगला पिकत चाललाय, फार थांबू नका, थांबलात तर ऑपरेशन अवघड होईल. तारीखही दिली. ती तारीख ह्यांनी संकष्टी आहे म्हणून टाळली. पुढची, थंडीत जखम भरत नाही म्हणून टाळली. तिसऱ्या वेळी सबबी संपल्या तेव्हा खरं बोलल्याचा आव आणून म्हणाले, "त्या पुस्तकातल्या लोकांनी डिंक लावून, ब्रश मारून, लाख खटपटी करून जे मिळवलं, ते मला देवानं फुकट दिलंय. ते कापून टाकू?"

ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं! मला हसू यायचं. पण खोटं कशाला सांगू, हसण्यापेक्षा भीती जास्त वाटायची. माणूस रोज थोडा थोडा आंधळा होत होता आणि तोंडाने आहाहा म्हणत होता. शेजारच्यांच्या झाकून ठेवलेल्या स्कूटरला ह्यांनी दोनदा नमस्कार केला, तब्येत कशी आहे म्हणून विचारलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून हल्ली माणसं बदलली असं मला येऊन सांगितलं.

आणि तरीही गाडी चालवायची हौस काही जाईना. खांब गावाला आमच्या नात्यात साखरपुडा होता. मी नको नको म्हणत असताना ह्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं. कोलाडपर्यंत देवाच्या कृपेने पोचलो. पुढे हायवेला लागलो आणि हे मागे वळून मला म्हणतात, "समोर बघ गो, कसं मऊ, कसं सोनेरी, कुठं कडा म्हणून नाय!"

तो पेंढ्याने भरलेला टेम्पो होता. उभा होता म्हणून बरं. आम्ही सरळ त्याच्यात घुसलो. लागलं काही नाही, पण साखरपुड्याला मी अंबाड्यात पेंढा घेऊन गेले आणि नवरीच्या मावशीने मला विचारलं, ही नवीन फॅशन का? त्या दिवशी मी स्कूटरची चावी वालाच्या डब्यात पुरून टाकली. घरी आल्यावर देवापुढे बसून रडले. हे बाहेरून म्हणाले, "कसला आवाज येतोय?" मी म्हटलं, कुकरचा.

चावी गेली तशी ह्यांची कला घरात घुसली. रोज दुपारची जेवणं झाली की हे पुस्तक घेऊन माझ्याजवळ येणार, एक पान उघडणार, माझ्या तोंडासमोर धरणार आणि विचारणार, "बोल, काय वाटतं?"

आधी मी सरळ सांगायचे. "बर्फ आहे, रस्ता आहे, लांब एक घोडागाडी आहे."

"गाडी येतेय का जातेय?"

"जातेय."

"हां," हे म्हणायचे आणि डोळे मिटून बसायचे. मग म्हणायचे, "वाट कुठं जाते ते फोटोवाल्यानं सांगितलं नाय. म्हणून ती आपली झाली." हे मात्र मला आवडलं होतं. मी तसं बोलून दाखवलं नाही. एकदा चढले की हे उतरत नाहीत.

मला स्वतःला त्या फोटोंतलं काय कळायचं ते सांगते. माझं माहेर पेणकडच्या खाडीकाठचं. वडील मिठागरावर. आमच्याकडे धुकं पडलं की कोणी आहाहा म्हणायचं नाही. धुकं पडलं, मळभ आलं, की खाऱ्या वाफ्यातलं पाणी आटायचं नाही आणि मीठ धरायचं नाही. वडील अंगणात उभे राहून आभाळाकडे बघायचे आणि आई आमच्याकडे बघून तोंडावर बोट ठेवायची. त्या दिवशी घरात भांडंसुद्धा हळू ठेवायचं. त्यामुळे त्या पुस्तकातली दलदल, ते फिकट पाणी, ते खाली उतरलेलं आभाळ बघितलं की मला विरह वगैरे काही वाटायचं नाही. मला वाटायचं, कोणीतरी आज घरात गप्प बसणार आहे. आणि त्या परदेशी लोकांचं एक नशीब, फोटोला चिखलाचा वास येत नाही.

पण रोज रोज तेच! भांडी घासायची राहिलेली, डोळ्यांवर झोप, आणि हे विचारतायत, झाड डावीकडे वाकलंय का उजवीकडे, पाण्यात काय दिसतं, त्याच्या मागे काय, त्याच्याही मागे काय. मला वाटायचं, माणूस पुस्तक वाचून वाचून बारकाव्यात शिरलाय. शेवटी एक दिवस मी वैतागले. मेंढ्यांच्या कळपाचा फोटो होता, मी म्हटलं, वरणाच्या वाट्या आहेत, उपड्या घातलेल्या. हे जराही हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे रिकामेपण." आणि वहीत जाड स्केचपेनने, एका पानावर चार शब्द मावतील एवढ्या अक्षरांत लिहून घेतलं.

मग काय, मला चटकच लागली. नाही ते मी दाखवायला लागले. तळ्यात मगर. ढगात सासूबाई. एका दलदलीच्या फोटोत लांब कोणीतरी वाकलेला माणूस होता, बाजूला पाणी, बांधासारखी एक काळी रेघ, वर धूर की धुकं कोण जाणे. मी म्हटलं, "एक बाई आहे. डोक्यावर घागर आहे. पाठमोरी."

"एकटी?"

"अगदी एकटी."

ह्यांनी लगेच वही ओढली. म्हणाले, "मला वाटलंच होतं." त्या बाईवर ह्यांनी वहीची अकरा पानं भरली.

आता पुढची गंमत ऐका. वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम होता. बोलावलेले पाहुणे आयत्या वेळी येत नाहीत म्हणाले. ग्रंथपाल बाईंना ह्यांचं वेड माहीत होतं. त्या म्हणाल्या, काका, तुम्हीच बोला, मी त्या पुस्तकातले फोटो पडद्यावर दाखवते. हे हवेत! रविवारी दुपारी चारची वेळ ठरली आणि फळ्यावर लागलं, "भाव आणि अर्थ : जुन्या निसर्गचित्रांचं निरूपण."

निरूपण हा शब्द नडला. ह्यांच्या गावाहून, तिकडे आतल्या भातशेतीच्या पट्ट्यातून, अख्खं भजनी मंडळ टाळ घेऊन आलं. माझ्या माहेराहून दादा आला, तोही जन्मभर मिठागरावर राबलेला, आणि त्याच्याबरोबर खाडीकाठची सहा-सात माणसं. ती कशाला आली हे मी सांगते. मी फोनवर सांगितलं होतं, नंतर जेवण आहे. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. डावीकडे भजनी मंडळ, उजवीकडे खाडीवाले, मध्ये मी. हे हातात वेताची छडी घेऊन पडद्याशेजारी उभे. इस्त्रीचा शर्ट. मी कितीही बोलत असले तरी मला त्या क्षणी अभिमान वाटला होता, खरंच वाटला होता.

पहिला फोटो बर्फातल्या रस्त्याचा. "वाट कुठं जाते ते सांगितलेलं नाय," हे म्हणाले, "म्हणून ती आपली झाली." डावीकडून टाळ वाजले. लोकांनी माना डोलावल्या. ग्रंथपाल बाईंनी चक्क डोळे पुसले.

दुसरा फोटो मेंढ्यांचा. "ह्या उपड्या वाट्या," हे म्हणाले.

मी खुर्चीत खाली सरकले. लोक जरा चुळबुळले. पण मंडळातले एक म्हातारे हळूच म्हणाले, "दृष्टांत असंल," आणि टाळ वाजले. मी सुटकेचा श्वास सोडला आणि तोवर तिसरा फोटो पडद्यावर आला. दलदल.

"ही बघा ती," हे म्हणाले आणि छडी उचलून पडद्याच्या पार दुसऱ्या टोकाला, नुसत्या पाण्यावर टेकवली. "तिन्हीसांज झालीय. डोक्यावर घागर. ही कुणाची वाट बघते? कुणाचीच नाय. वाट बघणं हेच तिचं घर झालंय. फोटोवाल्यानं तिचा चेहरा दाखवला नाय, कारण चेहरा दाखवला असता तर ती एक बाई झाली असती. आता ती सगळ्यांची झाली."

टाळ वाजले नाहीत. लोक बाई शोधत होते.

"घागर कुठाय?" मंडळातून एक जण म्हणाला.

"ती काय," दुसरा म्हणाला, "त्या वाकलेल्याच्या पुढ्यात. उलटी ठेवलीय. अरे, पोपटी लावलीय पोपटी! बघ, धूर निघतोय."

पोपटी म्हणजे आमच्याकडे थंडीत शेतात करतात ती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी नाहीतर कोंबडी भरायची, मडकं उलटं ठेवायचं आणि वरून जाळ करायचा. ती म्हटल्याबरोबर सगळ्या मंडळाला एकदम घागर दिसली, जाळ दिसला, आणि एकाला तर शेंगांचा वासही आला. "सायबानं पण पोपटी केली बघ," असं कौतुक सुरू झालं.

"कसली पोपटी!" उजवीकडून दादा उठून उभा राहिला. "डोलं हायेत का काय? ह्यो बांद हाय. बांदाला खांड परलीय! ते बगा, दोनी अंगाला पानी सारखं झालंय. तो मानूस चिखल टाकतोय, एकटाच!"

खारजमिनीचा बांध फुटून भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन काही वर्षांची जाते. त्यामुळे खाडीकाठी हाळी आली की ताटावरून उठून धावायचं, शत्रूचा बांध असला तरी धावायचं. दादाने तो शब्द काढला मात्र, त्याच्याबरोबरची सगळी माणसं ताडकन उभी राहिली. एक काकी ओरडली, "अरे, एकटा काय करंल तो? हाका मारा की कोनाला!" एकाने भरती किती वाजता आहे ते विचारलं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, हा फोटो परदेशातला आहे, शंभर वर्षं झाली. "मंग तर शेतं गेलीच," काकी मटकन खाली बसली.

"अहो, पोपटी आहे ती!"

"भरल्या पान्यात कोन पोपटी लावतो? तुमी लावता?"

असा गदारोळ! टाळ आपटतायत, चादरी पडतायत, आणि खरं सांगते, मला इतकं हसू येत होतं की मी पदर तोंडात कोंबला होता. तेवढ्यात ग्रंथपाल बाई, अगदी आदराने, म्हणाल्या, "काका, ते बांध की पोपटी ते राहू दे. पण बाई मात्र दिसत नाही कुठे."

टाळ थांबले. हे पडद्याकडे वळले. जवळ गेले, आणखी जवळ गेले, पार नाक लागेपर्यंत. छडीचा हात एकदा इकडे फिरला, एकदा तिकडे. ह्यांच्या पाठीवर ती सगळी दलदल उमटली होती. मग हे लोकांकडे तोंड करून म्हणाले, "माझी बायको सांगेल. सांग गो ह्यांना. हाय ना ती?"

हे मला विचारत होते आणि बघत होते पुस्तकांच्या कपाटाकडे. मी बसले होते मध्ये, तिसऱ्या खुर्चीवर, ह्यांच्यापासून दहा पावलांवर.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बारकावे कसले आणि काय कसले! ह्या माणसाला कित्येक महिने फोटो दिसतच नव्हते. डाव्या-उजव्या झाडापासून सगळं मीच सांगत होते, आणि ह्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून अकरा पानं लिहिली होती. आणि मी, अवदसा, सासूबाई काय, मगर काय!

"हाय," मी मोठ्याने म्हटलं. "मला दिसतेय. घागर घेतलेली."

माझा आवाज कसा आला कोण जाणे. दादाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणापासून मी कधी खोटं बोलते ते त्याला कळतं. तो हळूच खाली बसला आणि म्हणाला, "व्हय दाजी. हाय बाई. आमी बांदाच्या नादात बगितली नाय." मग मंडळातलेही म्हणाले, हां हां, हाय की, ती काय. टाळ वाजले. हे हसले, नमस्कार केला, आणि सगळे जेवायला गेले. मी पानावर बसलेच नाही.

आम्ही चालत घरी आलो. ह्यांनी माझा दंड धरला होता. बाजारातून वळल्यावर हे म्हणाले, "नव्हती ना ती?"

"नव्हती," मी म्हटलं. "मी थट्टा केली. वाट्यापण नव्हत्या. मेंढ्या होत्या."

मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. केलं असतं तर बरं झालं असतं. हे नुसते चालत राहिले.

"तुम्ही मला सांगितलं का नाही, की काहीच दिसत नाही?" मी तडकले. चूक माझी, आणि ओरडत होते मीच! "एवढे दिवस! रांगोळी प्यायलात! टेम्पोत घुसलात! ऑपरेशन म्हटलं की कलेच्या गप्पा!"

"भीती वाटते गो," हे म्हणाले. साधंच म्हणाले, मीठ दे म्हणावं तसं. "कंपनीतल्या एकाचा डोळा बिघडला ऑपरेशनात. हाय तेवढं तरी राहू दे असं वाटतं. त्या पुस्तकात सगळ्यांना असंच दिसतं, आणि त्यांना कुणी ऑपरेशन कर म्हणत नाय. त्यांना लोक मोठं म्हणतात. म्हणून बरं वाटायचं वाचायला."

मी पदराने ह्यांचा घाम पुसला. मग माझ्या डोक्यात एक आलं. मी म्हटलं, "असं करा. एकच डोळा करा. उजवा. डावा तसाच ठेवा तुमच्या कलेला. बिघडला तर डावा आहे, सुधारला तर उजवा आहे. विरह बघायचा तेव्हा उजवा मिटायचा, रस्ता ओलांडायचा तेव्हा डावा मिटायचा."

हे थांबले. विचार केला. कंपनीत कामगारांच्या बाजूने बोलणी करायला जायचे तसं तोंड करून म्हणाले, "डावा कायमचा माझा. पुन्हा मागायचा नाय."

"नाही मागणार."

"लेखी दे."

घरी आल्यावर त्याच वहीत, त्या अकरा पानांपुढच्या कोऱ्या पानावर मी स्केचपेनने लिहून दिलं, "डावा डोळा कलेसाठी," आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, काका ह्या वेळी नक्की येणार ना? मी म्हटलं, करार झालाय.

ऑपरेशन झालं. मी बाहेर बाकावर बसून सगळे देव आळवले. पेणमध्ये घरोघर गणपती घडतात, त्यामुळे त्या गावात गणपतीला साकडं घालायला मला जरा संकोच वाटला, त्याला किती जण पुरणार! पण घातलं. रात्री दादाकडे राहिलो. हे डोळ्याला पट्टी बांधून वहिनीच्या हातची भाकरी खात होते आणि दादा ह्यांना विचारत होता, त्या खांडीचं पुढे काय झालं असेल हो? त्यावर दोघांचं एक तास चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. मी चांगली जांभळी साडी नेसले, पावडर लावली. कशाला लावली ते मलाच ठाऊक नाही. साठी उलटलेली बाई मी, चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्यापुढे जायला पावडर लावत होते. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, डोळा पुसला, थेंब घातले आणि म्हणाल्या, "काका, आता हळूच उघडा. डावा हाताने झाका."

ह्यांनी उघडला. आधी तक्ता वाचला, वरून खालपर्यंत, खालची बारीक ओळसुद्धा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वा! मी हात जोडले. ह्यांनी खिडकीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, स्वतःच्या नखांकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे वळले.

ह्या वेळी कपाटाकडे नाही. माझ्याकडेच. मी हसायचा प्रयत्न केला. म्हणणार होते की बघा, आहे का घागर डोक्यावर? पण हे बघतच राहिले. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश, एक एक जागा. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"किती दमलीस गो तू," हे म्हणाले.

मला वाटलं होतं, म्हातारी झालीस म्हणतील. त्याला मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं झणझणीत. ते तसंच राहिलं. तिथेच, डॉक्टरीणबाईंसमोर, मी हमसून हमसून रडले आणि सगळी पावडर ओघळली.

ह्यांनी झाकलेल्या डोळ्यावरचा हात काढला, उजवा मिटून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई, हा डावा कवा करायचा?"